उरलेले नव्वद टक्के कुठे जातात?

भांडुपमधल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न असा आहे: "अन्नसाखळीत एका पातळीवरून पुढच्या पातळीवर दहा टक्केच ऊर्जा जाते, असं नववीला शिकवलं. एका मुलाने उठून विचारलं, मग बाकीची नव्वद टक्के कुठे जाते? उष्णतेच्या रूपात जाते, हे उत्तर त्याला पटलं नाही आणि मलाही पुरेसं वाटलं नाही. दहावीत एटीपी येतं. त्याचा आणि या नव्वद टक्क्यांचा काही संबंध आहे का? जानेवारीत मुलांना ठाणे खाडीवर नेणार आहोत. तिथे यातलं काय दाखवता येईल?"

बाई, मुलाने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. पुस्तकातला पिरॅमिड बघून असं वाटतं की गवताकडून नाकतोड्याकडे जाताना ऊर्जा वाटेत कुठेतरी सांडते. तसं होत नाही. खालच्या पातळीवर तयार झालेल्यातलं बरंचसं वरच्या पातळीवरचे प्राणी खातच नाहीत, खाल्लेल्यातलं काही पचत नाही, आणि पचतं त्यातला मोठा हिस्सा तो प्राणी नुसता जिवंत राहण्यात खर्च करतो. हा शेवटचा खर्च पेशीत होतो आणि तो एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूमार्फत होतो. त्यामुळे नववीचा आणि दहावीचा धडा मी नेहमी एकत्र शिकवत आले. सुटे शिकवले की नेमका हाच प्रश्न लोंबकळत राहतो.

आधी पेशीकडे जाऊ. फळ्यावर मुलांना एक गणित करायला लावा. रोज २००० किलोकॅलरीचं अन्न खाणारा मोठा माणूस घ्या, ज्याचं वजन वाढतही नाही आणि घटतही नाही. २००० किलोकॅलरी म्हणजे सुमारे ८४ लाख ज्यूल. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं की उत्तर येतं ९७ वॅट. म्हणजे रात्रंदिवस, झोपेतसुद्धा धरून, सरासरी शंभर वॅटच्या आसपास. वजन बदललेलं नाही, म्हणजे शरीरात शिल्लक काही पडलेली नाही. त्याने जे खाल्लं आणि पचवलं ते जवळजवळ सगळं शेवटी उष्णता होऊन बाहेर पडलं. आता सकाळच्या गर्दीची बारा डब्यांची लोकल आठवा. तिच्यात चार-पाच हजार माणसं कोंबलेली असतात, तेव्हा ती सगळी मिळून चारशे ते पाचशे किलोवॅट उष्णता सोडत असतात. डब्यात पंखे चालू असूनही जीव नकोसा होतो त्याला हवेच्या दमटपणाइतकंच हेही कारण आहे. ही उष्णता काही महिन्यांपूर्वी कुठल्यातरी भाताच्या, गव्हाच्या, उसाच्या पानावर पडलेल्या उन्हातून आलेली आहे.

मधे काय घडलं? एक मोल ग्लुकोज पूर्ण जळलं तर सुमारे २८७० किलोज्यूल ऊर्जा मिळते. चुलीत जाळलं तर ती एकदम उष्णता होऊन जाते. पेशी तेच काम अनेक टप्प्यांत करते: आधी पेशीद्रवात ग्लायकोलायसिस, मग तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) क्रेब्ज चक्र, आणि शेवटी ग्लुकोजमधून काढलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे देत देत ऑक्सिजनपर्यंत. यातून एका ग्लुकोजमागे साधारण ३० ते ३२ एटीपी तयार होतात. एटीपीचं जलअपघटन, म्हणजे पाण्याशी होणारं विघटन, प्रमाणित स्थितीत मोलला ३०.५ किलोज्यूल देतं. गुणाकार केला तर मूळ ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा एटीपीत आला असं दिसतं. पेशीतल्या प्रत्यक्ष परिस्थितीत एका एटीपीकडून मिळणारी ऊर्जा याहून जास्त असते, म्हणून तिथे हा हिस्सा निम्म्याच्या आसपास जातो. उरलेली ऊर्जा तिथल्या तिथे उष्णता होते. आणि जी एटीपीत आली तीही वापरली की उष्णताच होते. फक्त जाता जाता एखादं काम करून जाते.

इथे एक चूक फार रुजलेली आहे, ती वर्गात आवर्जून दुरुस्त करा. 'एटीपीच्या शेवटच्या बंधात ऊर्जा साठलेली असते आणि बंध तुटला की ती मोकळी होते' असं शिकवलं जातं. कुठलाही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा लागतेच. तुटण्याने ती मिळत नाही. एटीपी आणि पाणी यांच्यापासून एडीपी (एक फॉस्फेट कमी झालेला एटीपी) आणि फॉस्फेट तयार होतात तेव्हा नवे बंध बनतात, ऋणभारित फॉस्फेट गट एकमेकांपासून दूर होतात, पाण्याच्या रेणूंत ते जास्त स्थिर राहतात. या सगळ्याची बेरीज करून ऊर्जा मिळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेशी एटीपीचं प्रमाण समतोलाच्या मानाने कोट्यवधी पट जास्त राखते. एटीपी आणि एडीपी समतोलाला पोचले की बाटलीभर एटीपीतून कणभरही काम निघणार नाही. समतोलापासून दूर राहणं हीच जिवंत पेशीची स्थिती, आणि तिथे टिकून राहायला सतत ऊर्जा लागते. मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

एटीपीचा शोध १९२९ सालचा. जर्मनीत कार्ल लोमान आणि अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्क आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो त्याच वर्षी स्वतंत्रपणे स्नायूंतून वेगळा केला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचं नाव मुलांना जरूर सांगा, आपल्या वर्गांत ते फार क्वचित उच्चारलं जातं.

एटीपी कसा बनतो हे कोडं मात्र पुढे तीस वर्षं सुटलं नव्हतं. सगळे एखाद्या मधल्या रसायनाच्या शोधात होते. १९६१ मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वेगळंच सुचवलं: मधलं रसायन नाहीच. इलेक्ट्रॉनच्या प्रवासात मिळणारी ऊर्जा प्रोटॉन तंतुकणिकेच्या पटलापलीकडे ढकलण्यात वापरली जाते, आणि ते प्रोटॉन परत येताना एटीपी बनवतात. अनेक वर्षं फार थोड्यांना हे पटलं. १९७८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मुंबईच्या मुलांना हे समजावायला माझ्याकडे एकच उदाहरण आहे, खोपोलीचं. १९१५ पासून लोणावळ्याच्या वरच्या तलावांतलं पाणी नळांतून पाचशे मीटरच्या आसपास खाली सोडून तिथे वीज तयार होते आणि ती मुंबईच्या गिरण्यांना मिळत असे. पाणी खोपोलीत आणि लोणावळ्यात सारखंच. काम करून घेतलं ते उंचीतल्या फरकाने. तंतुकणिकेच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंना असाच फरक असतो, प्रोटॉनच्या संख्येचा आणि विद्युतभाराचा. पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड आणि त्यावरचा विद्युतदाब १५० मिलिव्होल्टच्या पुढे. आकडा किरकोळ दिसतो, पण मीटरच्या हिशेबात तो सुमारे ३ कोटी व्होल्ट होतो. प्रोटॉन ज्या प्रथिनातून परत येतात त्या एटीपी सिंथेजचा एक भाग खरोखर गरगर फिरतो आणि दर फेरीला तीन एटीपी बनवतो. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या फिरणाऱ्या भागाला एक चमकणारा तंतू चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरताना पाहिला. हिरव्या पानातल्या हरितलवकातही हीच यंत्रणा आहे; तिथे इलेक्ट्रॉन हलवायला अन्नाऐवजी प्रकाश कामी येतो.

हे पटल थोडं गळकंही असतं. काही प्रोटॉन एटीपी न बनवताच परत येतात आणि त्यांची ऊर्जा सरळ उष्णता होते. तान्ह्या बाळाच्या पाठीवरच्या तपकिरी चरबीत तर यासाठी खास प्रथिन आहे: एटीपी बनवूच नका, बाळाला ऊब द्या. 'उष्णतेच्या रूपात वाया' हे शब्द मी यामुळेच टाळते.

मग झोपलेल्या प्राण्याला तरी एवढं एटीपी कशाला लागतं? पेशीपटलातून सोडियम सतत आत झिरपतो आणि पोटॅशियम बाहेर, त्यांना परत जागेवर नेणारे पंप विश्रांतीतल्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा घेतात. जुनी प्रथिनं मोडून नवी बांधायची असतात. हृदय, फुप्फुसं चालूच असतात. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीतल्या ऊर्जेतला त्याचा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास. आणि हे सगळं भागवायला शरीरात एटीपीचा साठा किती? एका वेळी जेमतेम पन्नास-शंभर ग्रॅम. दिवसभरात मात्र माणूस साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि वापरतो, कारण तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा एडीपी होऊन पुन्हा एटीपी होतो. सायनाइडने इलेक्ट्रॉनचा ऑक्सिजनकडे जाणारा शेवटचा टप्पा अडला की माणूस काही मिनिटांत दगावतो, तो त्यामुळेच. साठा पाहू नका, ओघ पाहा. खाडीवर गेल्यावर याची पुन्हा गरज पडणार आहे.

आता परिसंस्थेकडे वळू. ज्याच्या नावावर दहा टक्क्यांचा नियम सांगितला जातो तो रेमंड लिंडमन हा अमेरिकी तरुण मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक या छोट्याशा दलदलीच्या तळ्यावर काम करत होता. त्याचा निबंध आधी नाकारला गेला होता. तो १९४२ च्या ऑक्टोबरात छापून आला, पण त्याच वर्षी जूनमध्ये, वयाची २७ वर्षं पूर्ण होण्याआधीच, लिंडमन वारला होता. त्या तळ्यात त्याला मिळालेले आकडे दहा-दहा नव्हते. वनस्पतींनी पकडलेला प्रकाश होता ०.१ टक्का, पुढची पातळी १३.३, त्याच्या पुढची २२.३. दहा ही ढोबळ सरासरी आहे. प्रत्यक्षात पाचापासून विसापर्यंत आणि कधी त्याच्याही बाहेर आकडे मिळतात. मुलांना 'नियम' न सांगता 'अंदाज' सांगितलात तर पुढे त्यांचं नुकसान होणार नाही.

हा आकडा तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो. खालच्या पातळीवर जे तयार झालं त्यातलं किती खाल्लं गेलं, खाल्लेल्यातलं किती पचलं, आणि पचलेल्यातलं किती अंगी लागलं. पहिल्या गुणकात जंगल आणि पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: जंगलात शाकाहारी प्राणी पानांचा अगदी लहान भाग खातात, पाण्यातल्या सूक्ष्म शैवालाचा मात्र निम्म्याहून जास्त भाग खाल्ला जाऊ शकतो. दुसरा गुणक मांसाहाऱ्यांत ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो, पाला खाणाऱ्यांत निम्म्याच्या खाली राहतो, कारण सेल्युलोज आणि लिग्निन सहजी पचत नाहीत. तिसरा गुणक म्हणजे आपल्या पेशीचा हिशेब. पक्षी आणि सस्तन प्राणी अंग गरम ठेवतात, म्हणून त्यांच्या पचलेल्या ऊर्जेपैकी एक ते तीन टक्केच वाढीला आणि पिलांना लागते. माशांत ती दहाच्या आसपास, आणि पाला खाणाऱ्या किड्यांत चाळीसच्या जवळ जाऊ शकते. चिमणीच्या जागी अळी ठेवली की तुमच्या फळ्यावरचा पिरॅमिड बदलतो. त्या मुलाला हे सांगाल तेव्हा त्याचा चेहरा बघा.

खाडीवर मुलं आधी रोहित पक्षीच बघणार. हरकत नाही, तिथूनच सुरू करा. चांगल्या वर्षी ठाणे खाडी आणि आसपासच्या पाणथळींवर ते लाखाच्या घरात असतात. एवढा मोठा पक्षी एवढ्या संख्येने कसा जगतो? त्यातला बहुसंख्य छोटा रोहित चोच उलटी करून, जिभेने पाणी आत-बाहेर करत, चोचीच्या कडेच्या बारीक चाळणीतून नीलहरित जिवाणू आणि डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल गाळून खातो. म्हणजे तो पहिल्याच पातळीवरचा भक्षक आहे, उत्पादकाच्या लगेच वरचा. मोठा रोहित चिखलातले बारीक कवचधारी जीव, कृमी वगैरेही खातो, एक पायरी वर. त्याच आभाळात शिकारी पक्षी शोधायला लावा. बोटांवर मोजण्याइतके दिसतील.

मग पक्ष्यांवरून नजर खाली चिखलावर आणा. ओहोटी असेल आणि ऊन पडलं असेल तर करड्या चिखलावर सोनेरी-तपकिरी तकाकी दिसते. ते डायटम. उजेड असेपर्यंत ते चिखलाच्या वरच्या थरात सरकून येतात आणि भरती यायच्या आत पुन्हा खाली जातात. बोटाने खरवडलं तर नखावर राहील एवढाच थर. त्याच्या वजनाची रोहितांच्या वजनाशी तुलना केली तर पिरॅमिड उलटा पडला की काय असं वाटेल, आणि वजनाचा पिरॅमिड पाण्यात खरोखर उलटा असू शकतो. ऊर्जेचा कधीच नसतो. हे डायटम भराभर विभाजित होत राहतात, खाल्ले जातात, पुन्हा तयार होतात. एटीपीच्या बाबतीत सांगितलं तेच इथे.

तिवराचं पान उन्हात तिरपं धरून दाखवा, मिठाचे बारीक स्फटिक चमकतात. बरंचसं मीठ मुळांपाशीच अडतं. जे आत आलं ते पानावरच्या ग्रंथी एटीपी खर्चून बाहेर टाकतात. गोड्या मातीतल्या झाडाला हा खर्च नाही. पान गळलं की ते खाणारे फारसे कोणी नसतात. बुरशी आणि जिवाणू त्यावर बसतात, आणि असं कुजतं पान खेकडे, कोळंबी, बोय यांच्या उपयोगाला येतं. कांदळवनात ऊर्जेचा मोठा रस्ता हा आहे, हिरवं पान चरणाऱ्यांचा नव्हे. पुस्तकातल्या साखळीत विघटक शेवटी कोपऱ्यात काढलेले असतात, ते मला पटत नाही. निदान खाडीच्या आकृतीत तरी त्यांना मधोमध काढा.

चिखलाचा तो कुजक्या अंड्याचा वास येईल तेव्हा मुलं नाकं दाबतील. तेव्हाच थांबून सांगा. चिखलात काही मिलिमीटर खाली ऑक्सिजन नाही. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन घ्यायला कोणीतरी लागतंच, तर तिथले जिवाणू ते समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटला देतात आणि हायड्रोजन सल्फाइड बनतो. या व्यवहारात त्यांना ऑक्सिजनच्या मानाने फार कमी ऊर्जा मिळते. उरलेली त्या वासाच्या वायूतच शिल्लक असते, आणि वरच्या थरात ऑक्सिजनजवळ बसलेले गंधक-जिवाणू तिच्यावर जगतात. ऑक्सिजन नसल्याने कुजणंही मंदावतं, काही कार्बन शेकडो वर्षं गाळात पडून राहतो. असा न खर्चलेला ऐवज कोट्यवधी वर्षं दबून राहिला की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच समुद्रात आहे: १९७४ मध्ये सापडलेलं मुंबई हायचं तेल.

वर्गात कोणी हुशार मुलगा विचारेल, मग बोरिवलीच्या १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात इतके बिबटे कसे? तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासांत चितळ-सांबरांबरोबर भटक्या कुत्र्यांचे अवशेष मोठ्या प्रमाणात सापडले आहेत. कुत्री जगतात वस्त्यांच्या उकिरड्यावर, उकिरड्यातलं अन्न येतं नाशिक-पुण्याच्या शेतांतून वाशीच्या बाजारामार्गे. म्हणजे बोरिवलीच्या बिबट्याच्या अंगातली काही ऊर्जा घाटावरच्या उन्हातली आहे. परिसंस्थेभोवती आपण आखलेली रेघ ऊर्जा पाळत नाही.

सहलीबद्दल दोनच गोष्टी. ऐरोलीला वनविभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून परवानगीने आणि त्यांच्या माणसांबरोबर जा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून दिवस ठरवा, कारण ओहोटीचा चिखल दिसला नाही तर वरचं निम्मं दाखवता येणार नाही.

आणि जाण्याच्या आठवड्यात वर्गात दोन थर्मास मांडा. एकात मोड येऊ लागलेली मटकी, दुसऱ्यात तितकीच मटकी भिजवून, उकडून, गार करून आणि जंतुनाशकाच्या पातळ पाण्यातून काढून. तोंडाशी घट्ट झाकण नको, कापसाचा बोळा लावा, कारण मोडांना ऑक्सिजन लागतो. बोळ्यातून तापमापी आत घाला. रोज सकाळी आणि शाळा सुटताना मुलांनी दोन्ही आकडे आणि खोलीचं तापमान लिहायचं. पहिल्या थर्मासचा पारा चढताना त्यांना ग्लुकोजमधून एटीपीत न आलेली ऊर्जा आणि एटीपी वापरून झालेली उष्णता, दोन्ही एकत्र दिसतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरा थर्मासही गरम होऊ लागला तर प्रयोग फसला म्हणून ओतून देऊ नका. उकडलेल्या मटकीवर जिवाणू बसले आहेत. तो आकडाही वहीत घ्या आणि त्या मुलालाच विचारा, आता ही ऊर्जा कोणाच्या पेशींतून येते आहे.